चंद्राच्या कवचाची जाडी: मोजलेली किती, मानलेली किती?

चंद्रावरचा अलीकडचा कुठलाही लेख उघडा, त्यात एक वाक्य हमखास सापडतं: चंद्राच्या कवचाची सरासरी जाडी ३४ ते ४३ किलोमीटर आहे. पुष्कळदा एवढंही नसतं, नुसता एकच आकडा असतो. पुढे लिहिलेलं असतं की ही जाडी 'ग्रेल' मोहिमेने मोजली. आजच्या पोस्टमध्ये मला या 'मोजली' शब्दाबद्दल बोलायचं आहे.

हा आकडा येतो २०१३ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका पेपरमधून. मार्क विझोरेक आणि सहकाऱ्यांचा तो पेपर आमच्या क्षेत्रात जवळजवळ पाठ्यपुस्तकासारखा वापरला जातो. माझ्या पीएचडीचं कामही त्याच्याच अंगणात चालतं, त्यामुळे तो मी किती वेळा वाचला याचा हिशोब ठेवलेला नाही. पेपर उत्तम आहे हे आधीच सांगून टाकते. पण त्यात दोन वेगवेगळ्या प्रतीचे निष्कर्ष शेजारी शेजारी बसलेत. एक खरोखर मोजलेला आहे, दुसरा बराचसा मानलेला. आणि जगाने डोक्यावर घेतला तो दुसरा. माझी टीका एवढीच आहे. ती नीट कळायला मात्र आधी मोजमाप कसं झालं ते बघावं लागेल.

दोन यानं आणि त्यांच्यातलं अंतर

ग्रेल म्हणजे एकामागून एक उडणारी दोन जुळी यानं. नावं एब आणि फ्लो, म्हणजे ओहोटी आणि भरती. सप्टेंबर २०११ मध्ये ती निघाली आणि वर्ष उलटता उलटता चंद्राच्या कक्षेत पोचली. मुख्य मोजणी २०१२ च्या मार्च ते मे या काळात सरासरी ५५ किलोमीटर उंचीवरून झाली. नंतरच्या टप्प्यात ती २३ किलोमीटरपर्यंत खाली आली. १७ डिसेंबर २०१२ ला दोन्ही यानं ठरवून चंद्रावर आदळवली गेली.

या यानांमध्ये कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट होती ती त्यांच्यातलं अंतर. पुढचं यान एखाद्या जड भागाजवळ आलं की जरा जास्त ओढलं जातं आणि अंतर वाढतं. मागचं यान तिथे पोचलं की तेही ओढलं जातं आणि अंतर पुन्हा कमी होतं. हे अंतर किती वेगाने बदलतंय ते सूक्ष्मलहरींनी सतत मोजायचं. मोजणीची बारकाई सेकंदाला एका मायक्रॉनपेक्षाही कमी. केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते, त्यावरून अंदाज करा.

याआधीच्या मोहिमांची मोठी अडचण होती चंद्राची पलीकडची बाजू. यान तिकडे गेलं की पृथ्वीवरून त्याचा माग काढता येत नाही. जपानच्या कागुया मोहिमेने एक निरोप्या उपग्रह सोडून त्यावर तोडगा काढला होता. ग्रेलच्या दोन्ही यानांनी एकमेकांकडे बघायचं ठरवल्यावर तर अडचणच संपली. अलीकडची आणि पलीकडची बाजू सारख्याच बारकाईने मोजली गेली. इथपर्यंत सगळं निखळ मोजमाप आहे. त्यावर बोट ठेवायला जागा नाही.

पेपरचं खरं सोनं: घनता

आता या गुरुत्वाकर्षणाच्या नकाशातून खडकाबद्दल काय कळतं? पहिली गोष्ट म्हणजे घनता. पेपरचा हा भाग मला सगळ्यात भक्कम वाटतो.

एका डोंगराचा आकार तुम्हाला अचूक माहीत आहे असं समजा. चंद्राच्या बाबतीत तो आहेच, कारण २००९ पासून फिरणाऱ्या एलआरओ यानाने लेसरने चंद्राचे उंच-सखल भाग मोजून ठेवलेत. डोंगर आपल्याकडे किती ओढतो हेही माहीत आहे. मग एक घनता धरायची, त्या घनतेच्या डोंगराची ओढ काढायची आणि मोजलेल्या ओढीतून वजा करायची. धरलेली घनता कमी असेल तर वजाबाकीनंतरही नकाशात डोंगर दिसत राहतो. जास्त असेल तर डोंगराच्या जागी खड्डा दिसायला लागतो. ज्या घनतेला डोंगर नकाशातून पुसला जातो, ती खरी घनता. ही युक्ती नेटलटन यांनी १९३९ मध्ये पृथ्वीवरच्या गुरुत्वमापनासाठी मांडली. चंद्रावर ती फारच छान चालते, कारण तिथल्या बारीक आकाराच्या गुरुत्वाकर्षणापैकी ९८ टक्क्यांहून जास्त भाग पृष्ठभागाच्या चढउतारांमुळेच आहे.

'बारीक आकाराच्या' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. शेकडो किलोमीटर पसरलेला पहाड खालच्या जड थरावर तरंगल्यासारखा असतो, त्याला खाली मुळं असतात आणि त्या मुळांमुळे त्याची ओढ फिकी पडते. लहान डोंगर किंवा विवराचा काठ मात्र खडकाच्या स्वतःच्या ताकदीवर उभा असतो. त्याला मुळं नसतात. म्हणून तिथे आकार आणि ओढ यांचा हिशोब सरळ जुळतो.

उत्तर काय आलं? उंच प्रदेशांतल्या कवचाची सरासरी घनता घनमीटरला २५५० किलो. तोवर लोक २८०० ते २९०० धरत असत. अपोलोने आणलेल्या नमुन्यांवरून आणि कक्षेतून मोजलेल्या रासायनिक घटकांवरून तिथल्या खडकाच्या कणांची घनता तेवढीच निघते. मग फरक गेला कुठे? तो भेगांत आणि पोकळ्यांत गेला. सरासरी सच्छिद्रता सुमारे १२ टक्के. चारशे कोटी वर्षांचे आघात सोसून चंद्राचं कवच काही किलोमीटर खोलपर्यंत तडकलेलं आहे, असा याचा अर्थ.

हा शोध मला का पटतो? कारण यात अज्ञात एक आहे आणि समीकरणं ढिगाने आहेत. चंद्रावर लाखो विवरं आहेत आणि प्रत्येक प्रदेशात तोच प्रयोग पुन्हा करून बघता येतो. कुठे काही मानावं लागलं तर ते फारच थोडं.

जाडीची गोष्ट वेगळी

आता पेपर दुसऱ्या पायरीवर जातो. पृष्ठभागाच्या चढउतारांची ओढ वजा केल्यावर जे उरतं ते कवचाच्या तळाशी, म्हणजे हलकं कवच आणि जड प्रावरण यांच्या सीमेवर ढकललं जातं. उरलेली ओढ जास्त असेल तर प्रावरण वर आलंय, म्हणजे कवच पातळ. कमी असेल तर कवच जाड. तत्त्व सोपं आहे. पण इथे दोन गोष्टी आड येतात.

पहिली गोष्ट घनतेतल्या फरकाची. कवच २५५० आणि प्रावरण ३२२० धरलं तर फरक ६७० चा. कवचाचा तळ एक किलोमीटरने वर आला की ओढ किती वाढते याचा कागदावरचा हिशोब केला तर साधारण २८ मिलिगॅल निघतात. मिलिगॅल हे गुरुत्वाकर्षणाच्या बारीक फरकांचं माप, चंद्राच्या पृष्ठभागावरची एकूण ओढ सुमारे १ लाख ६२ हजार मिलिगॅल भरते. आता फरक ६७० ऐवजी ५०० धरा. तेवढ्याच किलोमीटरला २१ मिलिगॅल येतील. म्हणजे नकाशावर दिसणाऱ्या २८ मिलिगॅलचा अर्थ एक किलोमीटरही होतो आणि सव्वा-दीड किलोमीटरच्या मधलं काहीही होऊ शकतं. वर मोजलेली २५५० ही घनता वरच्या काही किलोमीटरांची आहे. तीस किलोमीटर खोलीवर भेगा किती मिटल्या असतील, याचा वेगळा विचार करावा लागतो. म्हणूनच पेपरने १२ टक्क्यांबरोबर ७ टक्के सच्छिद्रतेचाही पर्याय चालवून बघितला.

दुसरी गोष्ट जास्त मूलभूत आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. न्यूटनने दाखवलं आहे की सारख्या जाडीचं गोल कवच बाहेरच्या वस्तूला अशा रीतीने ओढतं, जणू त्याचं सगळं वस्तुमान केंद्रातच आहे. म्हणजे चंद्राचं कवच सगळीकडे सारखंच दहा किलोमीटरने जाड केलं आणि एकूण वस्तुमान तेवढंच ठेवलं, तर बाहेर फिरणाऱ्या यानाला त्या बदलाचा पत्ताच लागणार नाही. तळ खोल गेल्यामुळे त्याच्यावरचे चढउतार जरा पुसट होतील, पण तो परिणाम दुबळा आहे आणि घनतेच्या अनिश्चिततेत सहज लपतो. थोडक्यात, कवच कुठे जाड आणि कुठे पातळ हे गुरुत्वाकर्षण चांगलं सांगतं. सरासरी किती, हे ते एकट्याने सांगू शकत नाही.

गावातल्या सगळ्या गच्च्यांची एकमेकींच्या तुलनेतली उंची तुम्ही बिनचूक मोजलीत असं समजा. कुणाची गच्ची कुणापेक्षा दीड मीटर वर, कुणाची खाली, सगळं चोख. पण समुद्रसपाटीपासून गाव किती उंच? त्यासाठी कुठेतरी उंची कोरलेला एक दगड लागतो. दगडावरचा आकडा चुकला तर गावातल्या सगळ्याच गच्च्या तेवढ्या चुकतात, आणि गंमत म्हणजे गच्च्यांच्या आपसातल्या हिशोबात ती चूक कुठेच दिसत नाही.

ही अडचण आपल्या पायाखालीही आहे. दख्खनच्या पठारावर गुरुत्वमापन झालं तेव्हा कोयना आणि कुर्डुवाडी अशा दोन पट्ट्यांत ओढ आजूबाजूपेक्षा कमी भरली. १९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी त्याचा अर्थ असा लावला की बेसॉल्टच्या थरांखाली दोन खचदऱ्या गाडल्या गेल्या आहेत. पण कमी ओढ खोलवरच्या हलक्या खडकामुळे किंवा जाड कवचामुळेही येऊ शकते. नकाशा तोच, अर्थ अनेक. पृथ्वीवर निदान छिद्र घेता येतं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला, आणि निदान त्या एका जागी बेसॉल्टच्या जाडीचा वाद मिटला. चंद्रावर तीस-चाळीस किलोमीटर खोल छिद्र कुणी घेणार नाही. तिथे आपला उंची कोरलेला दगड एकच: भूकंपमापक.

खुंटा कुठे ठोकला?

अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्राच्या अलीकडच्या बाजूला भूकंपमापक ठेवले. अपोलो १२, १४, १५ आणि १६ यांचे मापक मिळून एक जाळं झालं आणि ते सप्टेंबर १९७७ अखेर बंद करण्यात आलं. पलीकडच्या बाजूला एकही नव्हता. २०१३ च्या पेपरने जाडीचा नकाशा बांधला तो अपोलो १२ आणि १४ यांच्या परिसराला. ही दोन ठिकाणं एकमेकांपासून जेमतेम १८० किलोमीटरवर आहेत. चंद्राचा परीघ जवळजवळ ११ हजार किलोमीटर. म्हणजे एवढं मोठं जनावर एका खुंट्याला बांधलंय, आणि खुंटा हलला की त्याच्या चरण्याचं सगळं रिंगण हलतं.

बरं, हा खुंटा तरी घट्ट आहे का? १९७० च्या दशकात याच मापकांच्या नोंदींवरून तिथल्या कवचाची जाडी सुमारे ६० किलोमीटर काढली होती. पुढे तीस वर्षांनी त्याच जुन्या नोंदी नव्या पद्धतींनी तपासल्या गेल्या. २००२ मध्ये खान आणि मोसेगार्ड यांना ३८ किलोमीटर मिळाले, अधिक-उणे ३. पुढच्याच वर्षी लोन्योने आणि सहकाऱ्यांना ३० मिळाले, अधिक-उणे अडीच. हे आकडे जरा शेजारी ठेवून बघा. पहिल्याची खालची मर्यादा ३५, दुसऱ्याची वरची साडेबत्तीस. दोघांच्या अनिश्चिततेच्या पट्ट्या एकमेकींना शिवतही नाहीत! नोंदी त्याच आणि चंद्रही तोच, पण उत्तरं दोन.

यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. चंद्राच्या तडकलेल्या कवचात कंपनं इतकी विखुरतात की एक धक्का तासभर घुमत राहतो आणि नेमकी कुठली लहर कधी पोचली हे ओळखणं जिकिरीचं होऊन बसतं. म्हणजे पेपरच्या पहिल्या भागाने शोधलेली सच्छिद्रताच दुसऱ्या भागाच्या खुंट्याखालची जमीन भुसभुशीत करते. हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

शिवाय ती जागाही सर्वसाधारण नाही. अपोलो १२ आणि १४ उतरले तो चंद्राचा पश्चिमेकडचा काळसर भाग थोरियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांनी भरलेला, भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने अगदी वेगळा प्रदेश आहे. पलीकडच्या बाजूचं उंच पठार तसं नाही.

पेपरने दुसरा एक आधारही घेतला. क्रिसियम आणि मॉस्कोव्हिएन्स या प्रचंड विवरांच्या आसपास कागुयाला ऑलिव्हिन हे खनिज दिसलं होतं. ते प्रावरणातून उपसून आलं असेल, तर तिथे कवच जवळजवळ शून्य हवं. कल्पना चांगली आहे. पण ऑलिव्हिन कवचात शिरून थिजलेल्या लाव्हातूनही येऊ शकतं. तेव्हा हाही खुंटा 'असेल तर' या दोन शब्दांवर उभा आहे.

चार मॉडेल, छापलेला नकाशा एक

पेपरच्या लेखकांना हे सगळं माहीत नव्हतं का? पूर्ण माहीत होतं. त्यांनी खुंट्याच्या दोन जाड्या आणि सच्छिद्रतेच्या दोन किमती घेऊन चार मॉडेल केली. ३० चा खुंटा धरला तर सरासरी जाडी ३४-३५ निघते, ३८ चा धरला तर ४३ च्या आसपास. आता '३४ ते ४३' याचा अर्थ लक्षात आला ना? ही ग्रेलच्या मोजमापाची त्रुटी नव्हे. हा दोन भूकंपशास्त्रीय उत्तरांमधला मतभेद आहे. ग्रेलने तो फक्त अख्ख्या चंद्रावर पसरवला.

माझा आक्षेप मांडणीला आहे. मुख्य लेखात जो रंगीत नकाशा छापला तो चारांपैकी एकाच मॉडेलचा, ३० च्या खुंट्याचा. त्याखाली लिहिलेल्या ओळीत गृहीतकं प्रामाणिकपणे दिलेली आहेत: सच्छिद्रता इतकी, प्रावरणाची घनता इतकी, अपोलो १२ आणि १४ पाशी जाडी इतकी. पण नकाशा एकटा प्रवास करतो आणि त्याखालची ओळ मागे राहते. पाठ्यपुस्तकात, बातमीत, कॉन्फरन्सच्या स्लाइडवर फक्त रंग पोचतात. चारही नकाशे शेजारी शेजारी छापले असते, किंवा कुठे किती अनिश्चितता आहे याचा एक नकाशा जोडला असता, तर वाचणाऱ्याला एका नजरेत कळलं असतं की रंगांची नक्षी पक्की आहे आणि रंगपट्टीवरचे आकडे सरकू शकतात.

यावर उलट प्रश्न येईल: नक्षी पक्की आहे ना, मग आठ-नऊ किलोमीटरने काय बिघडतं? रास्त प्रश्न आहे. पलीकडची बाजू जाड, अलीकडची पातळ, विवरांखाली प्रावरण वर आलेलं, यातलं काहीही खुंटा हलवल्याने बदलत नाही. नक्षीवर काम करणाऱ्यांनी हा नकाशा बिनधास्त वापरावा. पण पेपर नक्षीवर थांबत नाही. तो सरासरीवरून चंद्राच्या जन्मापर्यंत जातो.

ते कसं? चंद्राचं कवच मुख्यतः प्लॅजिओक्लेज या ॲल्युमिनियमने समृद्ध खनिजाचं आहे. चंद्रातलं बरंचसं ॲल्युमिनियम कवचात साठलंय, म्हणून कवच जितकं जाड तितकं एकूण ॲल्युमिनियम जास्त. कवच ५०-६० किलोमीटर जाड समजलं जायचं तेव्हा काही संशोधकांचं म्हणणं होतं की अशी उच्च तापमानाला टिकणारी मूलद्रव्यं चंद्रात पृथ्वीपेक्षा बरीच जास्त आहेत. ते खरं असेल तर चंद्र पृथ्वीच्याच मालमसाल्यातून बनला या कल्पनेला अडचण येते. २०१३ चा पेपर म्हणतो की कवच पातळ निघालं, तेव्हा चंद्रात ही मूलद्रव्यं जास्त मानण्याची गरज उरत नाही.

मी साधा हिशोब करून बघितला. चंद्राची त्रिज्या १७३७ किलोमीटर. कवच ३४ किलोमीटर असेल तर ते चंद्राच्या आकारमानाच्या ५.८ टक्के भरतं, ४३ असेल तर ७.२ टक्के आणि ६० असेल तर १० टक्के. ३४ पासून ४३ पर्यंत जाताना कवच सव्वापट होतं. म्हणजे चंद्राच्या घडणीबद्दलच्या एवढ्या मोठ्या विधानाच्या बुडाशी पन्नास वर्षांपूर्वी १८० किलोमीटर अंतरावर ठेवलेली दोन यंत्रं आहेत. विधान चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. दोन्ही टोकांना ते तगतंही. पण त्याचं श्रेय ग्रेलच्या मायक्रॉनच्या बारकाईला देता येत नाही. घनता कमी निघाल्याने हिशोब बदलला, हे ग्रेलचं श्रेय. सरासरी जाडी कमी झाली ती प्रामुख्याने भूकंपाच्या नोंदी पुन्हा वाचल्यामुळे.

मंगळावर काय झालं

असं मांडणं शक्य तरी आहे का, अशी शंका असेल तर मंगळाकडे बघा. तिथेही वर्षानुवर्षं गुरुत्वाकर्षणावरून जाडीचे नकाशे निघत होते आणि सरासरी ४५ ते ५७ असे आकडे फिरत होते, तेही खुंटा नसताना. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इनसाइट यान उतरलं आणि मंगळाला पहिला खरा खुंटा मिळाला. २०२१ मध्ये पहिला निष्कर्ष आला तेव्हा त्या चमूने एकच आकडा पुढे केला नाही. उतरण्याच्या जागी कवच २० किलोमीटर किंवा ३९ किलोमीटर, दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या. त्यावरून संपूर्ण ग्रहाची सरासरी दिली २४ ते ७२. इतका रुंद पट्टा! बातमीदारांना तो आवडला नसणार. पण त्यातून कोणती गोष्ट अजून ठाऊक नाही हे स्वच्छ दिसत होतं, आणि म्हणूनच पुढचं काम नेमकं झालं. ४ मे २०२२ ला ४.७ तीव्रतेचा मोठा धक्का आला, त्याच्या पृष्ठभागावरून फिरणाऱ्या लहरी सापडल्या आणि २०२३ मध्ये सरासरी ४२ ते ५६ वर आली.

बुधावर तर भूकंपमापकच नाही. तिथे मेसेंजर यानाच्या मोजमापांवरून, डोंगर तरंगताहेत असं मानून, २०१५ मध्ये सरासरी ३५ अधिक-उणे १८ काढली गेली आणि २०१८ मध्ये २६ अधिक-उणे ११. हे आकडे बघून कुणी हसेल. मला ते चंद्राच्या देखण्या नकाशापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतात, कारण अनिश्चितता तिथे आकड्याला चिकटूनच प्रवास करते.

मग आपण काय करायचं

ही टीका एका पेपरपेक्षा आम्हा वापरणाऱ्यांवर जास्त आहे. आमच्यासारखे विद्यार्थी तो नकाशा डाउनलोड करतात, त्यातली जाडी आपल्या गणितात घालतात आणि पेपरमध्ये लिहितात की जाडी ग्रेलवरून घेतली. दोन पेपर पुढे गेलं की गृहीतक निरीक्षण होऊन बसतं. पुढे कुणी चंद्राच्या थंड होण्याचा वेग काढतो, कुणी लाव्हा वर यायला किती दाब लागला ते काढतो, आणि प्रत्येकाच्या उत्तरात अपोलो १२ आणि १४ पाशी कधीच न मिटलेला तो वाद गुपचूप बसलेला असतो. मार्गदर्शकाने, परीक्षकाने, रिव्ह्यू करणाऱ्याने विचारायला हवं: दुसऱ्या मॉडेलने चालवून बघितलंस का? हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. डेटा चारही मॉडेलचा उपलब्ध आहे, आणि कॉम्प्युटरला ते काम एका दुपारचं असतं.

तुम्ही या क्षेत्रातले नसाल, तरी पुढच्या वेळी कुठल्याही ग्रहाच्या कवचाचा रंगीत नकाशा समोर आला की तीन गोष्टी विचारा. घनता कुठून आली, मोजलेली की धरलेली? नकाशा कुठल्या जागी बांधलाय, आणि तिथला आकडा कुणी, कशाने काढला? आणि दाखवलेलं मॉडेल एकमेव आहे की अनेकांपैकी एक? तिन्ही उत्तरं मिळाली तर नकाशावर विश्वास ठेवायला हरकत नाही. एकही मिळालं नाही तर तूर्त नुसती नक्षी बघावी.

चंद्रापुरतं बोलायचं तर उपाय कुणालाही सुचेल असाच आहे: आणखी खुंटे. चांद्रयान-३ च्या विक्रमवर इल्सा नावाचा कंपनमापक होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने दक्षिण ध्रुवाकडच्या उंच प्रदेशात रोव्हरच्या हालचाली टिपल्या आणि २६ ऑगस्टला नैसर्गिक वाटणारा एक हादराही टिपला. कवचाचा तळ शोधणं हे त्याचं काम नव्हतं आणि तेवढा वेळही त्याला मिळाला नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं चालणारे मापक हवेत, चंद्रावर दूरदूर ठेवलेले, आणि निदान एक पलीकडच्या बाजूला. तसा एक मापक जरी ठेवला गेला, तरी ग्रेलचा नकाशा आहे तसाच राहील, त्यातली एक रेघही पुसावी लागणार नाही. बदलतील ते बाजूच्या पट्टीवरचे आकडे. तोवर माझ्या थेसिसमध्ये मी ३४ आणि ४३ दोन्ही चालवते आहे, आणि दोन्ही उत्तरं छापणार आहे.